ठशाची पारख
आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी या मार्गाने इंदापुरास निघते, तेव्हा वारकऱ्यांच्या तुटलेल्या वहाणा सांधणाऱ्या चर्मकाराजवळ रापी, आरी आणि मेणवलेला दोरा एवढीच सामग्री असली, तरी चामड्यावरील नक्षीकामाकडे वळू इच्छिणाऱ्या तरुणाने फिरत्या पात्याची सुरी व ठसे निवडताना जी चिकित्सा करावयाची, तिचे प्रथम शिक्षण त्याच रापीच्या धारेपाशी मिळते. सुरीचे पाते दांड्यात तिळमात्र डळमळता कामा नये. तर्जनीचा भार वर असताना दांडा अंगठ्याने निर्वेध वळावा, आणि धार निसण्यानंतर चामड्याच्या पट्टीवर इतकी गुळगुळीत व्हावी, की बाभूळसाल व हिरड्याने कमावलेल्या ओलसर कातड्यात ती न अडखळता जाडीच्या निम्म्याहून कमीच उतरावी. ठशाच्या झिलईवर भाळून खरेदी करणे मला सर्वथा अनुचित वाटते. दुकानदाराची परवानगी घेऊन तो ओलसर तुकड्यावर उमटवून पाहावा, रेषा स्वच्छ असूनही कातडे कापले जात नाही ना, हे न्याहाळावे, आणि पुढेही त्यावर लोखंडी हातोडी न चालवता लाकडी मोगरीच चालवावी. मुबलक पण हिणकस जिन्नसांच्या संचापेक्षा कड उठविणारा, छाया देणारा व पार्श्वभूमी दाबणारा असे उत्तम पोलादाचे तीनच ठसे प्रारंभी पुरेसे आहेत.