विश्लेषण : ‘दुर्मीळ’ स्मारक नाणे खरेच किती दुर्मीळ?

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी घाईघाईने मोबाइल पुढे केला. माता वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच रुपयांचे नाणे त्यांच्याकडे होते आणि ‘कंपनी’ त्याचे सात लाख देणार होती. नोंदणी शुल्क म्हणून ८५० रुपये त्यांनी भरलेही होते. आता ‘जीएसटी’चे साडेचार हजार मागितले जात होते. ती रक्कम भरू नका, एवढे सांगायला मला दोन मिनिटे लागली. ते त्यांना पटायला मात्र पूर्ण संध्याकाळ गेली.

वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त २०१२मध्ये निघालेली पाच आणि दहा रुपयांची नाणी चलनासाठीच होती आणि भरपूर निघाली. त्यांना लाखो रुपये कोणी देत नाही. जुन्या नाणी-नोटांच्या खरेदी-विक्रीसाठी आपले नाव आणि बोधचिन्ह वापरून शुल्क, कमिशन किंवा कर उकळला जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्येच दिला होता. बँक असा कोणताही व्यवहार करत नाही.

ही झाली उघड फसवणूक. मला जास्त काळजी वाटते ती खऱ्या, सरकारी, डबीबंद नाण्यांच्या बाजाराची.

प्रूफ नाणे म्हणजे काय?

आपल्याकडे स्मारक नाण्यांची सुरुवात १९६४मध्ये पंडित नेहरूंच्या निधनानंतर झाली. पुढे १९६९मध्ये गांधी जन्मशताब्दीचे दहा रुपयांचे चांदीचे नाणे आले. वजन १५ ग्रॅम, त्यात ८० टक्के चांदी. अशी नाणी अनेकदा दोन रूपांत निघतात. एक साधे, दुसरे संग्राहकांसाठीचे ‘प्रूफ’.

प्रूफ म्हणजे कच्चा नमुना नव्हे, हा गैरसमज बराच आहे. नाणे पाडण्याचा ठसा, म्हणजे डाय, आणि कोरी चकती दोन्ही आधी घासून चकचकीत करतात. मग सावकाश, जास्त दाबाने, एकाहून अधिक वेळा ठसा उमटवतात. पार्श्वभूमी आरशासारखी आणि चित्र दुधी, धुक्यासारखे दिसते. नाणे तिरके धरले की फरक डोळ्यांत भरतो. यंत्रातून मिनिटाला शेकड्यांनी पडणाऱ्या रुपयाला हे लाड परवडत नाहीत.

मुंबईच्या टांकसाळीची साधी नाणी वर्षाखालच्या हिऱ्याच्या चिन्हावरून ओळखता येतात. तिच्या प्रूफ नाण्यांवर मात्र पूर्वी ‘बी’ असे आणि शहराचे नाव बदलल्यावर ‘एम’. त्यामुळे हिऱ्याचे चिन्ह असलेले नाणे कोणी ‘मुंबईचे प्रूफ’ म्हणून पुढे केले, तर तिथेच थांबून विचारावे.

किंमत ठरते कशी?

अलीकडच्या बहुतेक मोठ्या स्मारक नाण्यांची घडण एकसारखी आहे. व्यास ४४ मिलिमीटर, वजन ३५ ग्रॅम. ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे, निकेल आणि जस्त प्रत्येकी पाच टक्के. नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाला मे २०२३मध्ये काढलेले ७५ रुपयांचे नाणे याच घडणीचे. म्हणजे त्यात साडेसतरा ग्रॅम चांदी. आजच्या सराफी दराने गुणा आणि जो आकडा येईल तो कागदावर लिहून ठेवा. नाण्याचा तळ तेवढाच. त्यावर जे काही दिले जाते, ते ठशाचे, डबीचे आणि दुर्मीळपणाचे.

अंकित मूल्याचा इथे काही उपयोग नाही. नाणे कायदा, २०११ नुसार सरकार हजार रुपयांपर्यंतचे नाणे काढू शकते. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीनिमित्त हजाराचे नाणे निघालेही. पण ते घेऊन किराणा दुकानात जाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मग दुर्मीळपणा मोजायचा कसा? खरी मेख इथेच आहे. स्मारक नाणे निघते तेव्हा राजपत्रात अधिसूचना येते. व्यास, वजन, धातूंचे प्रमाण, अशोकस्तंभ कुठे आणि अक्षरे कोणत्या बाजूला, सगळे त्यात असते. कडेला २०० खाचा असतील, हेही असते. फक्त किती नग काढणार, ते नसते! त्या अधिसूचनेतला खाचांचा आकडा वाचताना मला दर वेळी हसू येते. संग्राहकाला हवा असलेला एकच आकडा तिथे सापडत नाही.

टांकसाळ ठरावीक मुदतीत नोंदणी घेते आणि मागणीप्रमाणे संच पाठवते. जुने संचही पुढे संकेतस्थळावर विक्रीला ठेवलेले दिसतात. अशा वेळी ‘मर्यादित संच’ हे शब्द विक्रेता कशाच्या आधारावर वापरतो? अमेरिकेच्या टांकसाळीचा १९९५चा ‘डब्ल्यू’ खुणेचा सिल्व्हर ईगल महाग आहे, कारण तो ३०,१२५ इतकाच निघाला हे सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडे दुर्मीळपणाचा निवाडा दलालाच्या सांगण्यावर होतो.

जुन्या मालातही हा घोळ आहेच. ब्रिटिशकालीन प्रूफ नाण्यांचे ‘रिस्ट्राइक’ मुंबई आणि कोलकाता टांकसाळींनी नंतरच्या काळात काढले. नाण्यावर साल जुने, पाडले मात्र मागाहून. ती बनावट नव्हेत, टांकसाळीतूनच आलेली आहेत; पण मूळ नग आणि रिस्ट्राइक यांच्या किमतीत मोठे अंतर असते आणि ते ओळखायला सराईत नजर लागते.

सरकारने काय करावे?

माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक स्मारक नाण्याचे प्रूफ आणि साधे असे किती संच विकले, हे नोंदणी बंद झाल्यावर संकेतस्थळावर टाकावे. १९६४पासूनचे जुने आकडेही टाकावेत. यात गुपित असण्यासारखे काही नाही आणि खर्चही नाही. आकडा मोठा निघाला तर काही दलालांचा धंदा बसेल, निवृत्तीच्या पैशांतून ‘गुंतवणूक’ म्हणून डबी घेणारा मात्र डोळे उघडे ठेवून घेईल. आंबेडकरांच्या १२५व्या जयंती वर्षाचे १२५ रुपयांचे नाणे अनेकांनी मनापासून घेतले, ते विकण्यासाठी नव्हे. अशा माणसाला आकड्याने काही फरक पडत नाही. पण ‘दहा वर्षांत दहापट’ ऐकून घेणाऱ्याला पडतो.

तोवर घ्यायचेच असेल, तर थेट टांकसाळीकडून घ्यावे. पावती आणि मूळ वेष्टन जपावे. नाण्याच्या पृष्ठभागाला बोट लावू नये, कडेने धरावे. पीव्हीसीच्या स्वस्त पाकिटात ठेवू नये. त्यातून हिरवट चिकट थर चढतो. मुंबईकरांनी आधी फोर्टमधल्या रिझर्व्ह बँकेच्या नाणे संग्रहालयात एक चक्कर टाकावी.

आमच्या काकांच्या कपाटात शेवटी एक खरी वस्तू निघाली. वडिलांनी ठेवलेले गांधीजींचे दहा रुपये, मुंबईचे प्रूफ, ‘बी’ खुणेसकट. काकांचा चेहरा उजळला. मी ते खिडकीपाशी तिरके धरले. आरसा कुठेच नव्हता, सगळीकडे बारीक गोल ओरखडे होते.

‘‘दर लक्ष्मीपूजनाला टूथपावडरने स्वच्छ घासतो आम्ही,’’ काकू आतून म्हणाल्या.

आता त्यात उरली आहे बारा ग्रॅम चांदी. यंदा घासू नका, एवढे मात्र मी सांगून आलो.