संक्रांतीला बंद पडणारी वही

बालमित्रांनो,

मागच्या आठवड्यात सातवीतल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं. ती लिहिते, ‘बाई, मी दर वर्षी १ जानेवारीला डायरी लिहायला घेते आणि संक्रांतीचा तिळगूळ खाऊन होईपर्यंत ती बंद पडते. असं का होतं?’

पत्र वाचून मला हसूच आलं. कारण माझ्याही कपाटात अशा दोन-तीन वह्या आहेत. पहिली चार पानं सुवाच्य अक्षरात, तारखेखाली लाल रेघ, आणि पुढं सगळी पानं कोरी! तुमच्याकडेही असेल अशी एखादी. आहे ना? मग आज रोजनिशीबद्दलच बोलू या.

आधी एक गोष्ट. खरी घडलेली.

लंडन शहरात सॅम्युएल पीप्स नावाचा एक माणूस राहायचा. शिंप्याचा मुलगा. १ जानेवारी १६६० रोजी त्यानं रोजनिशी लिहायला सुरुवात केली. तेव्हा त्याचं वय होतं २६. पाहा, त्यानंही मुहूर्त १ जानेवारीचाच धरला! पण त्याची वही चालली तब्बल नऊ वर्षं आणि पाच महिने.

एवढं काय बरं लिहीत असेल तो? त्याच वर्षी त्याला आरमाराच्या कचेरीत नोकरी लागली, पुढं तो मोठा अधिकारीही झाला. पण वहीत नुसत्या मोठ्या गोष्टी नाहीत. आज जेवायला काय होतं, कोणतं नाटक पाहिलं, बायकोशी कशावरून भांडण झालं, हेसुद्धा त्यानं लिहून ठेवलं. १६६५ साली लंडनमध्ये प्लेगची साथ आली. बंद घरांच्या दारांवर लाल फुल्या दिसल्या, त्याची नोंद वहीत आहे. १६६६ च्या सप्टेंबरात शहराला मोठी आग लागली. तेव्हा या गृहस्थानं आपलं आवडतं चीज बागेत खड्डा खणून पुरून ठेवलं! आणि आणखी एक गोष्ट लिहिली. कबुतरं आपली घरं सोडायला तयार नव्हती. खिडक्यांभोवती घिरट्या घालत राहिली आणि पंख भाजून खाली पडली.

आग कधी लागली, किती पसरली, हे इतिहासाच्या पुस्तकात मिळतं. ती कबुतरं मात्र आपल्याला पीप्सच्या वहीत भेटतात.

गंमत म्हणजे ही वही त्यानं साध्या अक्षरात लिहिलीच नव्हती. स्टेनो लोक लिहितात तशा लघुलिपीत लिहिली होती, कुणी सहज वाचू नये म्हणून. १७०३ साली तो वारला. त्याच्या वह्या केंब्रिजच्या एका कॉलेजात ग्रंथालयात गेल्या. शंभरएक वर्षांनी जॉन स्मिथ नावाचा एक विद्यार्थी ती लिपी उलगडायला बसला. सुमारे तीन वर्षं खपला बिचारा. आणि त्या लिपीची किल्ली देणारं पुस्तक कुठं होतं माहीत आहे? पीप्सच्याच पुस्तकांत, त्याच ग्रंथालयात! १८२५ साली ती रोजनिशी पहिल्यांदा छापली गेली.

आता या गोष्टीतली चुटपुट लावणारी बाजू. ३१ मे १६६९ रोजी पीप्सनं लिहिणं थांबवलं. डोळे दुखायचे, असंच लिहीत राहिलो तर आंधळा होईन, अशी भीती त्याला वाटली. प्रत्यक्षात तो आंधळा झालाच नाही. पुढं आणखी जवळजवळ ३४ वर्षं जगला. मधे एखाद्या प्रवासापुरत्या नोंदी त्यानं केल्या, पण ती लांबलचक, घरातलं सगळं सांगणारी रोजनिशी पुन्हा सुरू झाली नाही. त्या ३४ वर्षांत त्याच्या खिडकीबाहेर काय काय दिसलं असेल!

म्हणून त्या मैत्रिणीला माझं उत्तर असं : वही बंद पडते ती कंटाळ्यानं नाही, लाजेनं. आपण चार दिवस लिहीत नाही. पाचव्या दिवशी वही उघडली की ती चार कोरी पानं डोळे वटारून बघतात. मग आपण वही मिटून ठेवतो. अगं, खंड पडला तर पडू दे. पुढच्या ओळीवर आजची तारीख घाल आणि लिही. मी सातवीत असताना, २००१ साली, वही सुरू केली. डी.एड.ला होते तेव्हा पाठटाचणं लिहून हात इतका दुखायचा, की एकदा पाच महिने वहीला हात लावला नाही. लग्नानंतर तर वर्षभर नाही. तरी ती वही आज चालू आहे.

तिचा उपयोग काय, असं विचाराल. सांगते. दोन वर्षांपूर्वी आजीच्या हातची कढी करायला घेतली. दादा म्हणाला, आजी फोडणीत लसूण घालायची. मी म्हणाले, मेथ्या. आजी आता नाही, विचारायचं कुणाला? सातवीतली वही काढली. त्यात शुद्धलेखनाच्या चुकांसकट लिहिलेलं, ‘आज आजीने कढी शिकवली. मेथ्या चारच दाणे. जास्त टाकल्या तर तुझा आजा बोलेल म्हणाली.’ कढी राहिली बाजूला, आम्ही दोघं आजीचं ते वाक्यच कितीतरी वेळ पुन्हा पुन्हा वाचत बसलो.

आता थोडं व्यवहाराचं. तारीख घालताना वर्षही घाला. नुसतं ‘मंगळवार’ लिहिलं तर दहा वर्षांनी काही कळत नाही. रोज पानभर नको, तीन ओळी पुरे. ‘आज विशेष काही घडले नाही’ हे वाक्य मात्र लिहायचं नाही! भाजी कोणती होती, पाहुणे कोण आले, दारातल्या चिंचेला पालवी फुटली का, ते लिहा. वही जमिनीलगतच्या फळीवर ठेवू नका, पावसाळ्यात ओल धरते. माझी एक वही शाईच्या पेनानं लिहिलेली होती. कौलं गळली आणि जून ते ऑगस्टचं नुसतं निळं आभाळ झालं. मोबाइलवर किंवा संगणकावर लिहिणाऱ्यांनी आणखी एक प्रत दुसरीकडे ठेवावी. यंत्रं बिघडतात, बदलतात.

आणि आता एक चूक कबूल करायची आहे. माझीच.

काही वर्षांपूर्वी चौथीच्या वर्गाला मी रोजनिशी लिहायला लावली. एका मुलीनं इतकं छान लिहिलं होतं, की मी आनंदाच्या भरात ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. तिला शाबासकी द्यावी, एवढाच हेतू. पण त्यात तिच्या घरातली एक गोष्ट होती. वर्ग हसला. तिनं मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून तिच्या वहीत फक्त एक ओळ यायची, ‘सकाळी उठले, शाळेत गेले, अभ्यास केला, झोपले.’ ती गोष्ट काय होती, ते मी इथंही सांगणार नाही. एकदा सांगितली तेवढी पुरे झाली.

मी तिची वर्गासमोर माफी मागितली. ती काही बोलली नाही. त्यानंतर मी वह्या तपासणं सोडून दिलं. मुलं वही फक्त दुरून दाखवतात, मी तारीख पाहते आणि परत देते.

पालकांनो, हे तुमच्यासाठीही आहे. मुलाची वही उशीखाली सापडली, तर ती तिथंच राहू द्या. काळजी वाटत असेल तर मुलाला जवळ बसवून विचारा. कुणी वाचणार आहे, हे कळलं की मूल खरं लिहीत नाही. प्रत्येकाला काही पीप्ससारखी लिपी येत नसते!

वर्ष संपताना ती मुलगी मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी आली. हळूच म्हणाली, “बाई, वही भरली. नवी आहे का?” कपाटातली एक दोनशे पानी वही मी तिला दिली. त्यात ती काय लिहिते, मला ठाऊक नाही.

तर मग, आज कोणती तारीख आहे? घाला बघू ती वहीत!

तुमच्या,
बाई