पान कुठले, ते लिहा

मे महिन्यात सोनाळ्याच्या शिवारात मृग बहार धरणाऱ्यांच्या संत्राबागा ताणावर सोडलेल्या असतात. पाणी तोडलेले, पारा ४४-४५ अंशांवर, सातपुड्याच्या पायथ्याची तापलेली जमीन. पाने मलूल होतात, ऊन मात्र तसूभर कमी होत नाही. भर दुपारी पानाच्या दर चौरस मीटरवर सेकंदाला सुमारे २,००० मायक्रोमोल फोटॉन येऊन आदळतात. संत्र्याचे पान धडधाकट असताना यातले एक तृतीयांशाच्या आसपास कामी लावते. ताणात पर्णरंध्रे मिटल्यावर तेवढेही जमत नाही. बागायतदाराची चिंता बहार फुटेल की नाही एवढीच असते, आणि ती रास्त आहे. उरलेल्या फोटॉनांचे काय होते, ही चिंता आपण वाहायची, कारण तो निकाल पिकोसेकंदांत लागतो.

क्लोरोफिल द्रावणात एकटे असले तर त्याची उद्दीपित अवस्था पाच-सहा नॅनोसेकंद टिकते. पानात अभिक्रिया केंद्रे मोकळी असतील तर ऊर्जा तिकडे पळते आणि हा काळ अर्ध्या नॅनोसेकंदाच्या आत येतो. केंद्रे तुंबली की तो पुन्हा दीड-दोन नॅनोसेकंदांपर्यंत लांबतो. धोका इथेच आहे: रेंगाळलेले क्लोरोफिल त्रिक अवस्थेत जाते, ऑक्सिजनला चेतवते आणि पान आतून जळू लागते. त्यावर वनस्पतीने तोड काढली आहे. थायलाकॉइडच्या आतली बाजू आम्लधर्मी झाली की व्हायोलाझँथिनचे झियाझँथिन होते, अँटेना प्रथिनांची ठेवण बदलते आणि जादा ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर टाकली जाते. ही ऊर्जा कॅरोटिनॉइडच्या अल्पायुषी अवस्थेत उतरते की क्लोरोफिल-कॅरोटिनॉइड जोडीतल्या विद्युतभाराच्या देवघेवीतून विझते, यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

मिटणार कसा? या विषयातला बराच पुरावा पालकाच्या पानांवर उभा आहे. पालक हे थंडीचे पीक. पाने मऊ, थायलाकॉइड सहज निघतात, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांनी ते जवळ केले. आपल्याकडे छापायला येणाऱ्या लेखांतही पुष्कळदा ‘बाजारातून आणलेला पालक’ एवढाच उल्लेख असतो. पंप-प्रोब मांडणीत आरसा एक मायक्रॉन सरकला तर जवळपास ७ फेम्टोसेकंदांचा हिशेब आपण चोख ठेवतो. पान कुठल्या उन्हात वाढले, तोडून किती वेळ झाला, याची मात्र नोंद नसते. हे आता पुरे झाले.

दुसरी तक्रार अधिक जुनी आहे. एका प्रकाशतंत्रामागे दोन-तीनशे क्लोरोफिल रेणू एकमेकांना जोडलेले असतात. पंप-स्पंद जोरकस ठेवला की एकाच अँटेनात दोन उद्दीपने पडतात आणि एक दुसऱ्याला खाऊन टाकते. आलेखावर सुरेख जलद क्षय दिसतो, लेखक त्याला नवी प्रक्रिया म्हणून नाव देऊन मोकळे होतात. स्पंदाची ऊर्जा निम्मी करून तोच आलेख पुन्हा काढायला एक दुपार लागते.

हरित गंधक जीवाणूंच्या एफएमओ प्रथिनाचे उदाहरण ताजेच आहे. २००७ साली उणे १९६ अंशांवरच्या नमुन्यात दीर्घकाळ टिकणारी स्पंदने दिसली आणि प्रकाशसंश्लेषण पुंज-संगतीवर चालते, अशी हाकाटी झाली. २०१७ मध्ये सामान्य तापमानाला मोजले तेव्हा इलेक्ट्रॉनिक संगती ६० फेम्टोसेकंदांतच विरताना दिसली. जी लांबली ती बहुतांशी रेणूंच्या कंपनांची, हे आता बहुतेकांनी मान्य केले आहे. याउलट हिरव्या प्रतिदीप्त प्रथिनाचे पाहा. १९९६ मध्ये स्टॅनफर्डच्या बॉक्सर गटाने साध्या पाण्याऐवजी जड पाणी वापरले आणि प्रकाश पडल्यावर काही पिकोसेकंदांत होणारी त्यातली प्रक्रिया लक्षणीय मंदावली. म्हणजे प्रोटॉनच सरकतो आहे. महागडे यंत्र होतेच, पण निर्णायक ठरली ती पाण्याची अदलाबदल.

सोनाळ्याच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, लोणारला, जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने हा रंग हॅलोआर्किया या मीठप्रिय सूक्ष्मजीवांचा असल्याचे सांगितले. ते तळाशी बसल्यावर पाणी पुन्हा निवळले. वर्तमानपत्रांची गोष्ट तिथे संपली. आपली तिथून सुरू व्हायला हवी. या कुळातल्या सूक्ष्मजीवांचा लाल रंग मुख्यतः बॅक्टेरिओरुबेरिनचा असतो. त्यात तेरा संयुग्मी द्विबंध, म्हणजे बीटा-कॅरोटिनपेक्षा दोन जास्त. साखळी लांबली की उद्दीपित अवस्थेचे आयुष्य घटते. काहींकडे रेटिनलवर चालणारा प्रोटॉन-पंपही असतो, ज्याचा रेणू प्रकाश लागताच अर्ध्या पिकोसेकंदात वळतो. हे वळण १९८८ मध्येच मोजले गेले, पण ते हॅलोबॅक्टेरियममध्ये, उदासीन पाण्याच्या सवयीच्या जीवात. लोणारचे पाणी सामू १० च्या आसपासचे. बाहेर प्रोटॉनांचा असा दुष्काळ असताना हा पंप, असलाच तर, कसा चालतो? कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था, तुर्भ्याचे भाभा केंद्र, पुण्याची आयसर इथे लेसर आहेत. नमुना एसटीने येऊ शकतो.

संत्र्याचे पान लोणारच्या नमुन्याहून नखरेल. उन्हाकडे धरले तर तेलग्रंथींचे ठिपके दिसतात. रस आम्लधर्मी, फिनॉले भरपूर, त्यामुळे पालकाच्या कृतीने थायलाकॉइड काढायला गेलात तर हाती तपकिरी चिखल येतो. बफर दाट लागतो, पीव्हीपी घालावे लागते. खरे तर पान न चिरताच एकेक फोटॉन मोजून प्रतिदीप्तीचे आयुष्य काढावे. बर्कलीच्या फ्लेमिंग आणि नियोगी यांच्या गटांनी असे काही सेकंदांच्या अंतराने टिपून दाखवले आहे. सोनाळ्याहून तोडलेले पान मात्र मुंबईला नेऊन चालणार नाही. अंधारात ठेवल्यावर विझवण्याचा मोठा भाग मिनिटांत ओसरतो, झियाझँथिन काही तासांत. जंबेरी किंवा रंगपूर खुंटावरची पिशवीतली कलमे शेगावहून रेल्वेने न्यावीत, प्रयोगशाळेत ४४ अंश आणि पूर्ण उन्हाइतका दिवा द्यावा, पाणी तोडावे आणि मग मोजावे. पाणी किती तोडायचे, हे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला विचारावे. आपण अंदाजाने ठरवू नये.

पुढच्या अंकापासून आम्ही रंगद्रव्यांवरच्या प्रत्येक लेखासोबत चार गोष्टी मागणार आहोत: पान किंवा जीव कुठला, तो कोणत्या उजेडात आणि तापमानात वाढला, मोजताना तापमान किती होते, आणि किमान तीन स्पंद-ऊर्जांवरचे आलेख. पहिल्या तिन्हींना खर्च शून्य आहे. चौथ्याला ती एक दुपार.