सुरतेत बांधलेले विमान

(बी. कॉम. भाग २)

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सुरतेला मामांकडे गेलो आणि चाळीस दिवसांत एक विमान बांधले. हे वाक्य मी वर्गात उच्चारले तेव्हा मागच्या बाकावरून ताबडतोब कन्नडमधून पृच्छा झाली, "आटगी सामान माडाक सूरतिगे होगिद्येनो?" म्हणजे, खेळणी करायला सुरतेला गेला होतास काय रे? हसण्यात मीही सामील झालो, कारण विमानाची रुंदी बावीस सेंटिमीटरसुद्धा नाही हे मी तोपर्यंत सांगितलेच नव्हते. परंतु पुढे आमच्या एका प्राध्यापकांनी तोच प्रश्न शुद्ध मराठीत विचारला. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने पुठ्ठे कापत बसण्यात चाळीस दिवस घालवावेत काय? प्रश्न गंभीरपणे विचारला गेला होता, तेव्हा उत्तरही गंभीरपणे दिले पाहिजे.

मामा मूळचे आमच्या बेळगावजवळच्या वडगावचे विणकर. आता ते सुरतेत उधन्याला यंत्रमागावर आहेत आणि लिंबायतला राहतात. त्या गल्लीत खानदेशी बोली इतकी कानावर येते की आपण गुजरातेत आहोत हे दुकानाच्या पाट्या वाचल्यावरच पटते. आपल्या मराठी माणसाला सुरत म्हटले की १६६४ आणि १६७० ही दोन सालेच आठवतात. पण सुरत हे जहाजे बांधणाऱ्यांचेही गाव होते. लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी कारागीर १७३६ च्या सुमारास इथूनच मुंबईला गेले, आणि त्यांच्या घराण्याने पुढे पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे बांधली. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो.

झाले असे की मामांना दोन दिवसांची सुट्टी मिळाली आणि आम्ही रात्रीच्या बसने दीवला गेलो. तेथे समुद्राकडे तोंड केलेल्या एका टेकाडावर काचेच्या घरात एक लहानसे जहाज ठेवले आहे. ती 'आयएनएस खुकरी'ची प्रतिकृती. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानच्या 'हंगोर' या पाणबुडीने टॉर्पेडो मारून खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. खरी खुकरी समुद्राच्या तळाशी आहे, ती कुणाला दिसणार नाही. जे दिसते ते हेच काचेतले जहाज, आणि त्याच्यापुढे माणसे चपला काढून उभी राहत होती. खेळण्यापुढे कुणी चपला काढीत नाही. मला प्रतिकृतीचा नाद लागला तो त्या टेकाडावर.

काय बांधायचे याचा विचार परतीच्या बसमध्ये झाला. टॉर्पेडो टाकणारी विमाने म्हटली की या छंदातली मंडळी दुसऱ्या महायुद्धाकडे धावतात. १९४० च्या नोव्हेंबरात तारांतोच्या बंदरात इटलीच्या युद्धनौका लोळवणारे इंग्रजांचे 'स्वोर्डफिश', किंवा पर्ल हार्बरवर आलेले जपानचे नाकाजिमा. याच नाकाजिमा जातीची विमाने ६ एप्रिल १९४२ रोजी 'र्‍यूजो' या जहाजावरून उडून विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब टाकून गेली, हे मात्र आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. या परदेशी विमानांचे तयार संच हवे तेवढे मिळतात. पण ते विमान माझे नव्हते. मला शाळेच्या सहलीत पाहिलेले एक विमान आठवले. गोव्याला दाबोळीजवळ नौदलाचे हवाई संग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेले. तेथे आवारात 'आलिझे' उभे आहे, पोट फुगलेले, नाकाशी एकच पंखा, दिसायला मुळीच देखणे नाही. आम्ही मुलांनी त्याच्याकडे पाठ फिरवून पलीकडच्या झोकदार जेट विमानापुढे फोटो काढले होते.

आलिझे फ्रेंच बनावटीचे. त्याला 'टॉर्पेडो बॉम्बर' म्हटले तर जाणकार माझा कान पकडतील, कारण त्याचे खरे काम पाणबुडी हुडकणे. परंतु पोटातल्या कप्प्यात टॉर्पेडो असे, आणि १९७१ साली बंगालच्या उपसागरात 'विक्रांत'वरून याच विमानांनी पूर्व पाकिस्तानच्या बंदरांवर रात्रीचे हल्ले केले. तेव्हा विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता आणि जहाज पुऱ्या वेगाने चालवता येत नव्हते. लंगड्या घोड्यावरून लढाई मारावी तसा हा प्रकार!

आता बांधणीविषयी. प्रमाण १:७२. आलिझेच्या पंखांचा विस्तार १५.६ मीटर, म्हणजे माझा २१.७ सेंटिमीटर, लांबी १३.८६ मीटर, म्हणजे माझी १९ सेंटिमीटरहून किंचित जास्त. साड्यांच्या खोक्यांचा पुठ्ठा सुरतेत फुकट मिळतो. सुताचे कागदी कोन कापून धडाची गोलाई साधली. वर लांबी भरायची, वाळू द्यायची, पॉलिश पेपरने घासायची, पुन्हा भरायची; यात अकरा दिवस गेले. वैमानिकाची काच साडीच्या खोक्यावरच्या पारदर्शक झाकणाची. शेजारचे एक काका हिऱ्याच्या कारखान्यात पैलू पाडतात, त्यांनी रविवारी आपले भिंग वापरायला दिले आणि त्या भिंगातून पाहिल्यावर कळले की डावा पंख उजव्यापेक्षा चार मिलिमीटर लांब झाला आहे. चार मिलिमीटर म्हणजे काय, असे तुम्ही म्हणाल. बहात्तरने गुणा. जवळजवळ एक फूट होतो. एक फूट वाकडे विमान जहाजावर उतरवायचे कुणी? दोन्ही पंख मी उपटून टाकले आणि नव्याने केले. ताळेबंदात चार पैसे जुळत नाहीत म्हणून रात्र जागवणारा आमचा शाखाबंधू ही गोष्ट तरी समजू शकेल.

मामांना हे सारे पसंत नव्हते. रात्रपाळीहून आले की माझ्या पसाऱ्याकडे पाहून म्हणायचे, "एवढ्या वेळात दोन तागे निघाले असते रे!" मामी तेवढी बाजू घ्यायची, तीही पुठ्ठा झाडून काढण्याच्या अटीवर. एका सकाळी मामांनी सहज विचारले, "यात माणसे किती बसतात?" मी म्हणालो, तीन. आणि मग खुकरी बुडाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, अरबी समुद्रावर पाकिस्तानी स्टारफायटरने एक आलिझे पाडले ते सांगितले. अशोक रॉय, सिरोही आणि विजयन, तिघेही परत आले नाहीत. मामा काही बोलले नाहीत. चहा निवला तरी तसेच बसले. मग आत जाऊन डब्यातून ज्वारीचे चार दाणे घेऊन आले. या प्रमाणात माणसाचे डोके साधारण तेवढेच होते. "एक जास्तीचा आणलाय, हरवला तर," एवढेच म्हणाले. ती तीन डोकी आज काचेखाली आहेत, आणि ती मामांनी रंगवलेली आहेत.

आता हिशेबाकडे येतो, कारण आक्षेप हिशेबाचाच होता. आपण घसारा शिकतो. मालमत्ता वर्षावर्षाला झिजते, शेवटी भंगारमूल्य उरते, ते वजा केले की खाते बंद. विक्रांत ३१ जानेवारी १९९७ रोजी सेवेतून निवृत्त झाली, २०१२ पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, आणि २०१४ साली सुमारे ६० कोटींना भंगारात जाऊन तुटली. हिशेब पुस्तकाप्रमाणे बिनचूक आहे. तिला राखण्याचा खर्च मोठा होता हेही मी नाकारीत नाही. परंतु दुसरी नोंद पाहा. सुरतेच्या त्या वाडियांच्या घराण्याने मुंबईत बांधलेले 'त्रिंकोमाली' हे जहाज १८१७ साली पाण्यात उतरले, आणि ते आज इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे. लोक तिकीट काढून पाहतात. आपल्या हातचे दोनशे वर्षांचे लाकूड परक्यांनी जपले आणि आपले युद्ध जिंकून दिलेले लोखंड आपण वजनावर विकले. दोन्ही देशांना बेरीज-वजाबाकी सारखीच येते. मग फरक कशाने पडला? माझे मत असे की तेथे त्या जहाजाला ओळखणारी माणसे शिल्लक होती, आणि आपल्याकडे विक्रांतचे नाव ठाऊक असलेले पुष्कळ, पण तिच्यावरून कोणते विमान उडत होते हे सांगणारे थोडे. २०२२ मध्ये नवी विक्रांत आली, जानेवारी २०२५ मध्ये सुरतेचेच नाव धारण करणारी विनाशिका नौदलात दाखल झाली. लिंबायतच्या गल्लीत मी पाच मुलांना विचारले. दोघांना 'आयएनएस सुरत' म्हणजे क्रिकेटचा संघ वाटला.

आमच्या कन्नड विभागाचा एक मित्र म्हणतो की हे सारे युद्धाचे कौतुक आहे, माणसे मारणारे यंत्र नटवून कपाटात ठेवायचे. हा आक्षेप मला खेळण्याच्या आक्षेपाहून अधिक मोलाचा वाटतो. कबूल करतो की टॉर्पेडो करताना मला मजाच येत होती. पण ज्वारीचे दाणे बसवताना ती आली नाही. दुकानातून तयार विमान घेणाऱ्याला हा फरक कळेल की नाही, शंका आहे. म्हणून माझे म्हणणे एवढेच की करायचे तर हाताने करा आणि आत माणसे बसवा. मित्राला हे पटलेले नाही. तो आपले मत त्याच्या विभागात लिहिणार आहे, ते अवश्य वाचावे.

ज्या प्राध्यापकांनी प्रश्न विचारला होता, त्यांनीच पुढे ग्रंथालयातील करंडकांच्या कपाटात जागा मिळवून दिली. कपाटाची खोली अठरा सेंटिमीटर. विमान मावेना. परंतु जहाजाच्या पोटात मावावे म्हणून आलिझेचे पंख वर दुमडत असत, आणि मी बिजागरीच्या जागी टाचण्या घालून तीही सोय केली होती. तेव्हा पंख मिटून ते आत गेले. सध्या ते आंतरमहाविद्यालयीन कबड्डीच्या करंडकाशेजारी आहे. ज्यांना पंख उघडलेले पाहायचे असतील त्यांनी शनिवारी दुपारी मला गाठावे.