जखमी शिपायाची मोजदाद

पहिल्या महायुद्धानंतर सरकारनें आपल्या इकडील पुष्कळ गांवांतून दगडी पाट्या बसविल्या. या गांवाहून इतके लोक लढाईवर गेले व त्यांपैकीं इतके मेले, एवढाच त्यांवरील मजकूर. आंकडे दोनच. जो हात, पाय किंवा डोळा गमावून घरीं आला तो 'गेले' या आंकड्यांत धरला गेला आणि तेथेंच त्याचा हिशेब संपला. आमच्या मतें ही मोजदाद अर्धी आहे. मेलेल्याचें दुःख घराला एकदां होतें. जखमी होऊन आलेल्याचें रोजच्या रोज सोसावें लागतें.

दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थानांतून सुमारें 25 लक्ष लोक सैन्यांत गेले. सुमारें 87 हजार मेले आणि जखमींचा आंकडा 60 हजारांवर गेला. त्या जखमींपैकीं एकाची हकीकत वाचकांस सांगावयाची आहे.

नामदेव जाधव हे निमजचे. गांव तेव्हांच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत. जन्म 1921 चा. पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणींत ते साधे शिपाई होते, आणि काम कंपनीच्या निरोप्याचें. म्हणजे साहेबाचा हुकूम इकडून तिकडे पोहोंचवावयाचा. 9 एप्रिल 1945 च्या संध्याकाळीं इटलींत सेनिओ नदीवर हल्ला झाला. नदीला दोन्ही बाजूंस उंच बांध, पाणी गळ्याशीं आणि बांधांत जर्मनांच्या मशीनगनी. पुढें गेलेल्या तुकडींतील कंपनीचा अधिकारी व दोघे शिपाई जखमी झाले. नामदेव सोडून बाकीचे ठार झाले.

आतां या माणसानें पहिल्यानें काय केलें तें पाहा. बंदूक चालविली नाहीं. एका जखमी सोबत्याला उचललें, खोल पाण्यांतून काढलें, सुरुंग पेरलेला चढ चढून सुरक्षित जागीं पोहोंचविलें. मग परत जाऊन दुसऱ्याला आणलें. तिसऱ्यांदा ते गेले ते मशीनगनींवर. पहिलें ठाणें टॉमी गननें बंद पाडलें, तोंच हाताला गोळी लागली. बंदूक चालेना, ती टाकून दिली व हातगोळ्यांनीं आणखी दोन ठाणीं उडविलीं. मध्यें गोळे संपले तेव्हां सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन सोबत्यांकडून ते मागून आणले. शेवटीं उखळी तोफांचा मारा चालू असतां बांधावर उघडे उभे राहून मराठ्यांचा जयघोष केला व मागच्यांना पलीकडे बोलाविलें. वय 23. याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलींतील लढाई 2 मे रोजीं थांबली.

परक्या सरकारच्या चाकरींतलें शौर्य आपण कां आठवावें, असें कोणी विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण त्या दोघांना पाठीवर घेतलें तें सरकारसाठीं नव्हे, हें कष्टकरी माणसाला समजावून सांगावें लागत नाहीं. विहिरींत पडलेल्या गड्याला काढतांना मालक कोण हें आपण विचारीत नाहीं.

आमची खंत निराळी आहे. नामदेव जाधव पुढें हवालदार झाले व 2 ऑगस्ट 1984 रोजीं पुण्यास वारले. त्या संध्याकाळीनंतर ते 39 वर्षे जगले. पण बोलावयाचें झालें कीं सारे त्या एका संध्याकाळीचेंच बोलतात. ज्यांना पदक मिळालें त्यांची ही गत, मग ज्यांना नुसतें डिस्चार्जचें कागद मिळाले त्यांचें काय? ज्याचें भांडवल हातच, त्या नांगरधऱ्या किंवा सुताराच्या हाताला गोळी लागली तर घरानें दिवस कसे काढले, हें कोणत्या दप्तरांत लिहिलेलें असतें?

म्हणून ज्यांच्या घरांत महायुद्धांतला, 1962, 1965 किंवा 1971 च्या लढाईंतला असा जखमी माणूस होऊन गेला, त्यांनीं लोखंडी ट्रंकेंतले कागद उन्हांत घालून एकदां वाचावे. पलटणीचें नांव व तारीख त्यांत सांपडेल. पण त्याला औत धरतां येईना तेव्हां पेरणी कोणी केली, पेन्शन आणावयास त्याच्याबरोबर तालुक्याला कोण जाई, थंडींत जुनी जखम ठणकूं लागली म्हणजे काय शेकीत, हें घरांतल्या म्हातारीलाच ठाऊक. तिला विचारून तें वहींत उतरावें, आणि खालीं तिचेंही नांव घालावें.