आजीला विचारून ठेवा

२०२४ साली लंडनची वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात आली. आम्हीही पाहिली. 'शिवरायांची ती हीच' असे ग्रँट डफच्या पेटीवर लिहिले आहे; पण त्याचा पडताळा मिळत नाही, असे लंडनचे संग्रहालयच सांगते. मग जुन्या कट्यारीबद्दल व्यापाऱ्याच्या नुसत्या शब्दावर का भुलावे? एगर्टनच्या १८८० च्या ग्रंथावरून मूठ-पाते ओळखता येते, जाणकाराला लोखंड कळते. पण हत्यार कुणाच्या कमरेला होते, हे दोघेही सांगू शकत नाहीत. सातारा-सांगलीकडे ज्यांच्या घरी पलटणीतल्या आजोबांची कट्यार असेल, त्यांना आम्ही विनवतो : ती भंगारात घालू नका. आजोबांचे नाव, पलटण, साल आजच आजीला विचारून लिहून ठेवा. आजी गेली, की उरते नुसते लोखंड!