फासे कोणाचे?

देवाला किती हिट पॉइंट असावेत? प्रश्न मस्करीचा वाटेल, पण १९८०मध्ये त्याचं उत्तर छापून विकलं गेलं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला आणि सहा वर्षांनी त्याच कंपनीने ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’ नावाचं पुस्तक काढलं. ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन देवांच्या रांगेत त्यात इंद्र, वरुण, कालीही होते. प्रत्येकाच्या नावाखाली आकडे. चिलखत किती, हिट पॉइंट किती, एका फेरीत हल्ले किती. म्हणजे फासे चांगले पडले तर वरुण मारता येतो.

यापुढची गोष्ट मला जास्त झोंबते. त्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या छपाईत लव्हक्राफ्टच्या कथांमधला कथुलू होता, मूरकॉकच्या कादंबऱ्यांमधलं मेल्निबोनेही होतं. त्यांच्यावर खेळ काढायचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे होते, म्हणून पुढच्या छपाईतून ही दोन्ही प्रकरणं गळली. काली राहिली. लेखकाच्या डोक्यातून निघालेल्या देवाला मालक होता, वकील होता. जिच्यापुढे आजही रोज दिवा लागतो, तिच्या बाजूने साधं पत्र लिहिणारं कोणी नव्हतं.

आता लगेच ‘आमच्या भावना दुखावल्या’ म्हणून मोर्चा काढायला मी निघालेलो नाही. मी दारव्ह्यात हाच खेळ खेळवतो. पाच-सहा जणांचा गट, रविवारी जमतो, फासे मोबाइलच्या ॲपवर पडतात, डंजन मास्टर बहुतेक वेळा मीच. माझं भांडण खेळाशी नाही, आपल्या आळसाशी आहे. आपण मराठी पोरं आता स्वतःच्या दुनिया रचतो, त्यात स्वतःचे देव आणतो आणि त्या देवांच्या वस्तू मात्र परक्या साच्यातून काढतो.

साचा तुम्ही पाहिलाय. समुद्राचा आणि शिकारीचा एकच देव, हा फँटसीतला लाडका नमुना. त्याच्या वस्तूंची यादी ठरलेली. कधी न चुकणारा हार्पून. शार्कच्या दातांची माळ, घातली की पाण्यात श्वास घेता येतो. फुंकलं की लाट उठते असं शिंग. प्रत्येकीपुढे दर्जा लिहिलेला, कॉमन, अनकॉमन, रेअर, व्हेरी रेअर, लेजंडरी. गुहेत शिरा, राक्षस मारा, पेटी फोडा, वस्तू तुमची. देवाशी नातं काय? २०१४च्या नियमांप्रमाणे ‘अट्यूनमेंट’. वस्तूसोबत तासभर शांत बसायचं. अशा तीन वस्तू एका वेळी चालतात. तासाभरात देव खिशात!

याच साच्यात आपण खंडोबा ओतायला जातो. ‘मल्हारीचा खंडा, प्लस थ्री, लेजंडरी.’ झालं, मराठी फँटसी तयार.

खंडोबाच घेतो, कारण समुद्र आणि शिकार या जोडीला आपल्याकडे सगळ्यात जवळचा देव तोच. घोड्यावर बसून, कुत्रा सोबत घेऊन तो शिकारीला निघतो. त्याचे वाघे स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात. आणि डोंगरातल्या जेजुरीचा हा देव मुंबईच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी कोळी घरांत कुलदैवत म्हणून चांदीच्या टाकावर बसलेला आहे. रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोन्थायमर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या देवाच्या मागे वर्षं घातली. तेवढं वाचायचं नसेल तर निदान त्याच्या वस्तू तरी नीट बघा.

जेजुरीचा खंडा साधारण ४२ किलोचा. दसऱ्याला तो उचलायची स्पर्धा लागते. कोणी एका हाताने तोलून धरतो, कोणी दातांनी उचलतो. जिंकणाऱ्याला बक्षीस मिळतं, टाळ्या मिळतात. खंडा मिळत नाही. तो देवाचा, देवाकडेच राहतो. फँटसीतल्या कुठल्याही तलवारीचा नियम इथे पहिल्याच पायरीवर मोडला.

तळी उचलायची तर एकट्याचं काम नाही. ताटात भंडारा, खोबरं, सुपारी ठेवायची, पाच जणांनी मिळून ताट धरायचं आणि देवाच्या नावाने वर उचलायचं. चार जण आले तर पाचवा शोधून आणायचा, शेजारचा, रस्त्याने जाणारा. एकट्या हिरोला ही वस्तू चालतच नाही.

कोटंबा म्हणजे लाकडी भिक्षापात्र. तो हातात आला की शक्ती मिळत नाही, वारी मागावी लागते. पाच घरांपुढे उभं राहायचं, मग घरी ट्रॅक्टर असो की चारचाकी. लंगर म्हणजे लोखंडी साखळी. ती मिळवून जपायची नसते, देवापुढे झटक्यात तोडायची असते.

आणि भंडारा? हळदीची पूड. कोणीही उधळावी, कोणाच्याही कपाळाला लागावी. खेळाच्या भाषेत हा ‘कॉमन’, सगळ्यात खालचा दर्जा. देवाच्या हिशेबात सगळ्यात वरचा. दुर्मीळ म्हणून मोठं, हा सोनाराचा हिशेब आहे. खंडोबाकडे जे सगळ्यांना पुरतं ते मोठं.

‘ठीक आहे, पण दारव्ह्यात समुद्र कुठून आणणार?’ माझ्या गटातच हा प्रश्न आला. किनारा इथून शेकडो किलोमीटर. उत्तर त्याच पोरांच्या घरांत होतं. दारव्हा, दिग्रस, मानोरा या पट्ट्यात तांडे आहेत. बंजारा समाजाला ‘लमाण’ म्हणतात आणि तो शब्द ‘लवण’ म्हणजे मीठ याच्याशी जोडला जातो. रेल्वे येण्याआधी बैलांच्या पाठीवर लादून मीठ आणि धान्य देशभर यांनीच फिरवलं. बंजारा बाईच्या पोशाखावर टाके घातलेल्या कवड्या बघा. आई भवानीच्या भुत्याच्या गळ्यातली कवड्यांची माळ बघा. कवडी समुद्रातली. मालदीवच्या कवड्या एके काळी हिंदुस्थानात चलन म्हणून चालत. नंतर मुर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला आली आणि आमचा कापूस बंदराकडे, तिथून मँचेस्टरकडे निघाला. पुढे त्याच मँचेस्टरात बनलेलं वाफेचं इंजिन या रुळांवर धावलं. समुद्र आमच्याकडे मीठ, कवडी आणि कापसाचा भाव बनून पोचला.

म्हणून माझ्या खेळात समुद्रदेवाची सगळ्यात ताकदवान वस्तू आहे मूठभर मीठ. ते ज्याच्या घरी खाल्लं त्याच्यावर तुम्हाला हत्यार उचलता येत नाही. उचललंच तर हत्यार हातात राहतं, हात चालत नाही. खाल्ल्या मिठाला जागणं हे आपल्याकडे आजीसुद्धा सांगते. त्यासाठी जादूचं पुस्तक उघडावं लागत नाही.

किनाऱ्यावर तरी वेगळं काय आहे? नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राकडून काही घेत नाहीत, आधी त्याला नारळ देतात. पावसाळ्यात जाळी किनाऱ्यावर ठेवायची शिस्त जुनी. आता सरकारही पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद ठेवतं. समुद्रदेवाची कृपा म्हणजे कधी हात आवरायचा हे कळणं. कधी न चुकणारा हार्पून ही त्या माणसाची कल्पना आहे ज्याला पुढच्या वर्षी मासे लागणार नाहीत.

आता शिकार. इथे मस्करी संपते.

खेळात ‘रेंजर’ नावाचं पात्र असतं. माग काढतो, पक्ष्यांचे आवाज काढतो, सापळे लावतो, जंगल त्याला घर. पोरं या पात्रावर तुटून पडतात. आमच्या गटात एक मुलगा पारधी बेड्यावरचा आहे. त्याने एकदा सहज विचारलं, “काऊन बे, या रेंजरले पोलीस नाही का पकडत?” कोणी हसलं नाही.

फासेपारधी म्हणजे दोरीचे फासे लावून तितर, लावे, ससे पकडणारे. पक्ष्याचा हुबेहूब आवाज काढणं हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढच्या विस्ताराने अशा जमातींवर जन्माआधीच गुन्ह्याचा शिक्का मारला. १९५२मध्ये तो कायद्यातून पुसला गेला, लोकांच्या नजरेतून नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा खराच गुन्हा ठरला. जंगल वाचायला हवं, यात वाद नाही. पण ज्यांची भाकर फाशावर होती त्यांना बदली भाकर कोणी दिली? आजही कुठे चोरी झाली की गाडी आधी बेड्याकडे वळते.

आणि आपण त्याच कसबाला ‘प्लस फाइव्ह’ देऊन मिरवतो. शिकाऱ्याचं कौशल्य हवं, शिकारी नको. याला मी चोरी म्हणतो. कायद्याने नसेल, माणुसकीने आहे. मराठीत टाकायचे ते फासे आणि लावायचे तेही फासे. एका फाशाने आपली करमणूक होते, दुसऱ्याने त्या मुलाच्या आजोबाला आयुष्यभर ठाण्यात हजेरी द्यावी लागली. दोन्ही एकाच टेबलावर आले असतील तर त्यांची ओळख करून देणं डंजन मास्टरचं काम आहे.

वाघ्याची भंडाऱ्याची पिशवी पूर्वी वाघाच्या कातड्याची असे, पण ती ‘रेअर’ म्हणून यादीत टाकाल तर तिच्यामागचा वाघही टाका. मुरळीला नाचगाण्याचं ‘बार्ड’ पात्र करायचा मोह होईल. त्याआधी लक्षात ठेवा, मुरळी म्हणजे देवाला सोडलेली पोरगी. ही चाल थांबवायला १९३४मध्ये मुंबई इलाख्यात कायदा करावा लागला आणि २००५मध्ये महाराष्ट्राला पुन्हा एकदा. देवाच्या वस्तूंची किंमत कोणीतरी मोजलेली असते. कधी ती किंमत एक अख्खं आयुष्य असते. परंपरा म्हणजे सगळं गोड, असं मी म्हणत नाहीये. हिशेब पूर्ण लिहा, एवढंच म्हणतोय.

यावर दोन टोळ्या दोन बाजूंनी ओरडतील. पहिली म्हणेल, ‘अरे, खेळ आहे, एवढं काय!’ खेळ आहे म्हणूनच. रविवारचे चार तास आपण ज्या नियमांनी जगतो ते अंगात मुरतात. दर रविवारी ‘मारा, फोडा, उचला’ हाच नियम असेल तर सोमवारी तलाठी कार्यालयात कोणी तसंच वागलं की आपल्याला धक्का कशाला बसावा?

दुसरी टोळी म्हणेल, ‘देवाला खेळात ओढू नका.’ त्यांनी आपल्याच देवाची गोष्ट विसरलेली दिसते. खंडोबा स्वतः म्हाळसेबरोबर सारीपाट खेळला. हरला. पैज होती बारा वर्षं घर सोडायची. देव असून त्याने ‘पुन्हा टाकूया’ म्हटलं नाही. घर सोडलं, वेष पालटला, बाणाईच्या घरी राबला, मेंढरं राखली. ज्याचा देव फासे टाकतो आणि हरल्यावर शब्द पाळतो, त्याने खेळाला घाबरायचं काय कारण? दसऱ्याचा खंडा काय, जागरणातली सोंगं काय, हा देव खेळातच जिवंत राहिला आहे.

म्हणून माझ्या टेबलावर तीन नियम आहेत. हवे तर उचला, यांना हक्क-बिक्क नाहीत.

एक, वस्तूचा दर्जा ती किती दुर्मीळ आहे यावर ठरत नाही, ती वापरायला किती जण लागतात यावर ठरतो. एकट्याने चालणारी वस्तू सगळ्यात खालची.

दोन, प्रत्येक वस्तूला मानकरी आहे. एखादं घर, गाव, तांडा, बेडा. वस्तू त्यांच्याकडून मागून आणायची आणि ठरल्या दिवशी परत न्यायची. मानकरी ‘नाही’ म्हणू शकतो. म्हणाला तर फासे टाकून त्याचं ‘नाही’ बदलता येत नाही.

तीन, वापरली की नवस फेडायचा. काय फेडायचं ते आधी ठरतं, वहीत लिहिलं जातं. चुकवलं तर शाप नाही, वीज नाही. वस्तू फक्त वस्तू उरते. लोखंड, लाकूड, हळद.

खेळ अवघड होतो का? तीन वस्तूंची मर्यादा, शापित अंगठ्या, जादूचे चार्जेस हे सगळं आपण पाठ करतोच. त्यात एक उधारीची वही वाढली. उलट खेळ वाढतो. आमच्या गटाने एक कोटंबा परत करायला दोन रविवार घातले, कारण वाटेत पाच दारं होती आणि प्रत्येक दारामागे कोणीतरी होतं. त्या दोन रविवारी एकही राक्षस मेला नाही आणि कोणी मोबाइलवर रील बघत बसलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या गुहेतली पेटी उघडेल, आतलं काहीतरी चमकेल आणि खेळाडू विचारतील, ‘किती गोल्डचं आहे?’ आकडा सांगू नका. उलट विचारा, ‘कोणाचं आहे?’